पडद्यांची लिपी

मागच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये, ल्यूट हे जुनं युरोपीय तंतुवाद्य वाजवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींची बैठक होती. माझ्या वाट्याला तीन रचना आल्या. पहिल्या दोन जॉन डाउलंड या जुन्या इंग्रज ल्यूटवादकाच्या, तिसरी मीच बांधलेली. वाजवून झाल्यावर वाद्य पेटीत ठेवत होते, तेवढ्यात एक आजोबा जवळ आले. तिसरी रचना सगळ्यांत आवडली म्हणाले. कुणाची, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी. त्यांचा चेहरा जरासा उतरला. "अस्सं," ते म्हणाले, "म्हणजे खरी नाही तर."

माणूस सज्जन होता, दुखवायचा हेतू अजिबात नव्हता. पण ते ‘खरी नाही’ डोक्यातून जात नाही. जिचा कर्ता समोर उभा आहे ती रचना खोटी आणि जिचा कर्ता 1626 साली गेला ती खरी? पियानोवर कुणी नवं लिहिलं तर लोक चांगलं की वाईट एवढंच बघतात. गिटारवर तर कुणी जुनं वाजवलं तरच नवल वाटतं. ल्यूटवर मात्र जिवंत माणसाने काही लिहिलं की लोक आधी त्याचा दाखला मागतात.

माझं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगते. ल्यूटसाठी नवं संगीत लिहिलं गेलं पाहिजे. ते शक्यतो वाजवणाऱ्यांनीच लिहावं, ल्यूटच्या स्वतःच्या लिपीत लिहावं आणि त्यावर स्वतःचं नाव घालावं. यातल्या एकेका कलमावर ल्यूटवाल्यांच्या जगात हमरीतुमरी होते.

आधी वाद्याविषयी थोडं, कारण आपल्याकडच्या कोशांत ‘ल्यूट म्हणजे वीणा’ असं लिहून मोकळे होतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरस्वती येते. उभ्या चिरलेल्या पेरूच्या अर्ध्या फोडीसारखं पोट, आखूड दांडी आणि जवळजवळ काटकोनात मागे मोडलेली खुंट्यांची पेटी, असं हे वाद्य. नावासकट ते अरबी ‘अल-ऊद’वरून आलं, स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात शिरलं. सुरुवातीला ते नखीने वाजवत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वादकांनी नखी टाकली आणि बोटांनी एकाच वेळी दोन-तीन सुरावटी वाजवायला सुरुवात केली. तारा जोडीजोडीने असतात. दांडीवरचे पडदे तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, गाठ मारून बांधलेले. सतारीच्या पडद्यांसारखे तेही सरकवता येतात. मी लहानपणी सांगलीत सतार शिकले, मिरजेच्या कारागिरांकडे पडदे बांधून घ्यायला वडिलांबरोबर जायची. त्यामुळे पहिल्यांदा ल्यूट हातात घेतलं तेव्हा डाव्या हाताला ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं. वजनाचा मात्र धक्का बसला. अख्खं वाद्य एक किलोसुद्धा भरत नाही. तबली, म्हणजे पोटावरची लाकडी पाटी, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची.

ही नाजुकाई काय असते ते एकदा जुलैत रत्नागिरीला घेऊन गेले तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी पहाटे फाट्कन आवाज झाला. तारा जिच्यावर बसतात ती घोडी तबलीवरून सुटून तारांना लोंबत होती. ल्यूटची घोडी सतारीसारखी नुसती टेकवलेली नसते, सरसाने चिकटवलेली असते, आणि कोकणातल्या हवेपुढे सरस हरला. थॉमस मेस नावाच्या इंग्रज वादकाने 1676 सालच्या ग्रंथात सल्ला दिला आहे, की ल्यूट दिवसा रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणांच्या मध्ये ठेवावं, म्हणजे ओल लागत नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यापेक्षा तांदळाच्या कणगीत ठेव."

असं हे वाद्य एके काळी घराघरात होतं. लाउक्स माहलर हा जर्मन कारागीर बोलोन्यात 1552 साली वारला, तेव्हा त्याच्या कारखान्यात अकराशेच्या आसपास तयार ल्यूट निघाले. एका कारखान्यात! संगीत छापायची कला नवी होती तेव्हा व्हेनिसच्या पेत्रुच्चीने 1507 साली स्पिनाचिनोचं ल्यूटचं पुस्तक छापलं. छापील ल्यूटसंगीताची सुरुवात तिथे होते. आणि हे सगळं संगीत लिहिणारे कोण? फ्रांचेस्को दा मिलानो, डाउलंड, काप्सबर्गर, वाइस हे सगळे स्वतः वाजवणारे. आपल्याकडचा ‘वाग्गेयकार’ हा शब्द डाउलंडला जवळजवळ बसतो. शब्दांना चाल लावायचा, साथ बांधायचा आणि ती स्वतः वाजवायचा. हौशी माणसंही नुसती ऐकत बसत नसत. जेन पिकरिंग नावाच्या इंग्रज बाईची 1616 सालची वही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कानावर आलेलं, शिक्षकाने दिलेलं, आवडलेलं असं सगळं तिने हाताने उतरवून घेतलंय. आपल्या आज्यांच्या भजनाच्या वह्या असत, तशीच ती.

अठराव्या शतकात वाद्य मागे पडलं. जोहान मॅथेसन या जर्मन संगीतलेखकाने 1713 साली टोमणा मारला, की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाने त्यातली साठ वर्षं तारा लावण्यातच घालवलेली असतात. ड्रेस्डेन दरबारचा झिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस 1750 साली गेला आणि मोठ्या वादक-रचनाकारांची ओळ जवळजवळ थांबली. पुढे दीडशे वर्षांनी अर्नोल्ड डोल्मेच यांनी इंग्लंडमध्ये जुनी वाद्यं बघून पुन्हा ल्यूट घडवलं. विसाव्या शतकात डायना पोल्टनसारख्यांनी शिकवलं, 1956 साली इंग्लंडात ल्यूट सोसायटी निघाली, ज्युलिअन ब्रीमने सभागृहं भरवली. त्यांनी वाद्य परत आणलं, ते उपकार मोठे आहेत. पण येताना ते ‘प्राचीन संगीत’ अशी चिठ्ठी लावून आलं, आणि ती चिठ्ठी अजून काढलेली नाही. संगीत-विद्यापीठांत ल्यूट शिकायचं तर प्राचीन संगीताच्या विभागात जायचं. तिथे जुनी तंत्रं, जुन्या बोटांच्या ठेवणी, जुनी साथसंगत सगळं नेटाने शिकवतात. रचना शिकायची असेल तर ती दुसऱ्या विभागात, आणि त्या विभागातल्या मुलांना ल्यूट कसं धरतात ते ठाऊक नसतं. म्हणजे फ्रांचेस्कोने केलं ते सगळं करायचं, फक्त त्याने मुळात जे केलं ते सोडून. याला परंपरेशी इमान म्हणतात!

आता लिपी. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते तिच्याविषयीच.

ल्यूटचं संगीत पाच रेघांच्या नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरलेखनात लिहीत नसत. त्याला टॅब्लेचर म्हणतात. फ्रेंच पद्धतीत सहा रेघा, एकेक रेघ म्हणजे तारांची एकेक जोडी. रेघेवर अक्षर. ‘a’ म्हणजे मोकळी तार, ‘b’ म्हणजे पहिला पडदा, ‘c’ म्हणजे दुसरा, असं पुढे. इटालियन लोक अक्षरांऐवजी आकडे वापरत, आणि रेघांचा क्रम उलटा, सगळ्यांत खर्जाची जोडी वर. मांडीवर वाद्य घेऊन वरून खाली बघितलं की जसं दिसतं, तसंच कागदावर. जर्मनांनी तर कहर केला. प्रत्येक जोडीवरच्या प्रत्येक पडद्याला वेगळं चिन्ह. ही पद्धत कोनराट पाउमान या जन्मांध ऑर्गनवादकाने काढली असं 1511 सालच्या एका पुस्तकात नोंदलेलं आहे, आणि आंधळ्याने डोळसांना असं कोड्यात टाकावं यावर पुढच्यांनी तोंडसुखही घेतलंय. तिन्ही पद्धतींत वरच्या बाजूला काळाच्या खुणा, पुढचा आघात किती वेळाने ते सांगणाऱ्या.

थोडक्यात, टॅब्लेचर ‘कोणता स्वर’ हे सांगत नाही, ‘बोट कुठे’ हे सांगतं. आणि नेमकं यासाठीच शिकल्यासवरल्या संगीतज्ञांनी त्याला कायम खालच्या पाटावर बसवलं. स्पिनाचिनोच्या पुस्तकात आरंभीचे नियम आहेत, त्यांचं लॅटिन शीर्षकच ‘ज्यांना गाता येत नाही त्यांच्यासाठी’ असं आहे. गाता येत नाही म्हणजे स्वरलेखन वाचता येत नाही. म्हणजे अडाण्यांची सोय! इंटरनेटवरच्या गिटार-टॅबने ही बदनामी आणखी वाढवली. तिथे आकडे असतात, पण लय बहुतेक वेळा गायबच. गाणं आधी ऐकलेलं नसेल तर त्या आकड्यांचा काही उपयोग नाही. ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये लय पहिल्या दिवसापासून आहे, हे सांगता सांगता माझा घसा सुकला.

आक्षेप आहेत, आणि ते फुसके नाहीत. टॅब्लेचर पाहून सुरावट डोळ्यांना दिसत नाही. चढतेय, उतरतेय, दोन आवाज एकमेकांना ओलांडतायत, हे पाच रेघांवर चित्रासारखं दिसतं. टॅब्लेचरमध्ये नुसती अक्षरांची पेरणी. शिवाय आघात कधी हे कळतं, पण स्वर किती वेळ धरून ठेवायचा ते लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत मोठा आक्षेप असा, की ल्यूटवाल्यांशिवाय ते कुणाला वाचता येत नाही. तुम्ही नवं संगीत गुप्त लिपीत लिहिलंत तर इतर संगीतकार ते वाचणार कसं, समीक्षक त्याबद्दल लिहिणार कसं, गायक-व्हायोलिनवाल्यांबरोबर ते वाजणार कसं?

शेवटच्या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही छापा. डाउलंडच्या ल्यूटरचनांची पोल्टन आणि बेझिल लॅम यांनी 1974 साली काढलेली आवृत्ती अशीच आहे, वर टॅब्लेचर, खाली स्वरलेखन. आज तर ‘फ्रोनिमो’सारखी सॉफ्टवेअर आहेत. हे नाव विन्चेन्झो गालिलेई यांच्या ल्यूटविषयक ग्रंथाचं. दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे हे वडील, स्वतः ल्यूटवादक, पडदे कुठे बांधायचे याचं 18 ला 17 हे गणित मांडणारे. त्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब्लेचर लिहिलं की पलीकडे स्वरलेखन तयार. तेव्हा वाचता येत नाही ही सबब संपली. वाद उरतो तो कोणतं आधी, यावर. रचनाकाराने कशात विचार करायचा?

इथे मला माझी सतार आठवते. भातखंड्यांनी बंदिशी कागदावर उतरवल्या त्या सारेगम लिहून. स्वर सापेक्ष, गळ्याला सोयीचे, काळी पाच की पांढरी चार याची फिकीर नाही. पण सतारीची गत लिहिताना आमच्या गुरुजींच्या वहीत स्वरांखाली ‘दा रा दिर दा’ असे बोल असत. बोल चुकले तर स्वर बरोबर असूनही गुरुजी म्हणत, "ही ती गत नव्हे." कारण गत म्हणजे नुसते स्वर नव्हेत, मिजराफ कुठे आत येते, कुठे बाहेर जाते, त्यातून वजन कुठे पडतं, हे सगळं मिळून गत. ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये अक्षराखाली एक बारीक टिंब असतं. टिंब असेल तर तर्जनीने वर, नसेल तर अंगठ्याने खाली. अंगठ्याचा आघात जड, तर्जनीचा हलका. हे टिंब मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिक्षक समजावून सांगायच्या आधीच ओरडले, दा-रा! त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

म्हणून सांगते, टॅब्लेचर ही अडाण्यांची सोय नाही. स्वरलेखनात जे मावत नाही ते तिच्यात मावतं. एकच स्वर ल्यूटवर तीन ठिकाणी मिळतो. मोकळ्या तारेवर तो घंटेसारखा रेंगाळतो, चौथ्या जोडीवर नवव्या पडद्याशी धरला तर बसक्या, जवळच्या आवाजात बोलतो. स्वरलेखनात तिन्ही एकच काळा ठिपका. टॅब्लेचरमध्ये तीन वेगळी अक्षरं. आणि स्वर किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नाही ही त्रुटी म्हणता, पण ते डावा हातच सांगतो. पुढच्या अक्षरासाठी बोट उचलावं लागलं की स्वर सुटतो, नाही लागलं तर वाजू दे. वाद्य लावायची पद्धत बदलली तरीही हीच लिपी चालते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या वादकांनी तारा लावण्याचे इतके प्रकार करून बघितले की विचारू नका. स्वरलेखनात प्रत्येक वेळी पडदे नव्याने पाठ करावे लागले असते. टॅब्लेचर वाचणाऱ्याला खुंट्या पिळल्या की झालं.

उलट बाजूचा दाखला खुद्द बाखचा, अठराव्या शतकातल्या थोर जर्मन रचनाकाराचा. ल्यूटसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या रचना गिटारवाले आणि ल्यूटवाले दोघेही देव्हाऱ्यात ठेवतात. पण बाखच्या हाताची जी पानं आहेत ती टॅब्लेचरमध्ये नाहीत, स्वरलेखनात आहेत. त्याच्या पाचव्या चेलो-स्वीटची ल्यूटसाठी केलेली प्रत ब्रुसेल्सला आहे, कुणा श्रीयुत शूस्टर यांच्यासाठी म्हणून लिहिलेली. तिच्यात खर्जाचा असा एक गंधार... चुकले, सवय जात नाही... असा एक ‘जी’ आहे, जो त्या काळच्या नेहमीच्या तेरा जोड्यांच्या ल्यूटवर नाहीच. लाइप्झिगच्या वाइराउख नावाच्या ल्यूटवादकाने बाखच्या काही रचना टॅब्लेचरमध्ये उतरवल्या तेव्हा त्याला जागोजागी जुळवाजुळव करावी लागली. बाखच्या मृत्यूनंतर घरातल्या सामानाची यादी झाली, तीत दोन ‘लाउटनवेर्क’ निघाले. म्हणजे ल्यूटसारखा आवाज देणारी, पण पट्ट्या असलेली वाद्यं. या रचनांतल्या काही तरी त्याने त्या पट्ट्यांवर बोटं ठेवूनच सुचवून घेतल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासकांना वाटतं आणि वाजवताना माझ्या डाव्या करंगळीलाही तसंच वाटतं. संगीत अलौकिक, पण हात वेडेवाकडे होतात. त्याच सुमाराचा वाइस घ्या. बाखला तो 1739 साली लाइप्झिगला भेटला होता. त्याच्या सहाशेहून अधिक रचना टॅब्लेचरमध्ये आहेत. संगीत म्हणून बाखइतकं खोल नसेल, पण एकही बोट अवघडत नाही. वाद्य स्वतःहून बोलतंय असं वाटतं. बाखला जे जमलं नाही ते आजच्या पदवीधर रचनाकाराला कीबोर्डवर बसून जमेल, यावर माझा विश्वास नाही. त्याने वादकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं, नाहीतर सहा महिने वाद्य शिकावं.

ल्यूटसाठी लिहायला मोठे रचनाकार धजत नाहीत याचं एक रुखरुख लावणारं उदाहरण आहे. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराने 1963 साली डाउलंडच्या गाण्यावर ‘नॉक्टर्नल’ लिहिलं. विसाव्या शतकातली अप्रतिम रचना. लिहिलं ज्युलिअन ब्रीमसाठी, जो गिटार आणि ल्यूट दोन्ही वाजवायचा. शेवटी हळूहळू सगळं विरत जातं आणि डाउलंडचं मूळ गाणं उमटतं. ल्यूटवर जन्मलेलं गाणं, समोर ल्यूट वाजवणारा वादक, आणि रचना गिटारसाठी! ब्रिटनला दोष नाही देत. त्याला आवाजाचा पल्ला हवा होता, मोठं सभागृह हवं होतं. पण ल्यूटच्या वाट्याला पुन्हा आठवणीतलं पात्र होणं आलं.

आता नावाचा प्रश्न. इथे सगळ्यांत जास्त गंमत आहे आणि सगळ्यांत जास्त खोटेपणाही.

1970 साली सोव्हिएत युनियनच्या ‘मेलोदिया’ कंपनीने सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या ल्यूटसंगीताची तबकडी काढली. वादक व्लादिमीर वाव्हिलोव्ह. तबकडीवर फ्रांचेस्को दा मिलानोची ‘कान्झोना’ होती, आणखी जुन्या इटालियनांची नावं होती, एका अज्ञात रचनाकाराचं ‘आवे मारिया’ होतं. लोक वेडे झाले. ती ‘कान्झोना’ पुढे रशियात एका अफाट गाजलेल्या गाण्याची चाल झाली. ‘आवे मारिया’ला नंतर कुणीतरी 1618 साली वारलेल्या काच्चिनी या इटालियन रचनाकाराचं नाव चिकटवलं, आणि आजही जगभर लग्नांत आणि चर्चमध्ये ते ‘काच्चिनीचं आवे मारिया’ म्हणून गातात. हे सगळं वाव्हिलोव्हचं स्वतःचं होतं. वाव्हिलोव्ह हे रशियात अगदी साधं आडनाव, अशा अनोळखी माणसाचं संगीत छापणार कोण, असं त्याला वाटायचं, हे त्याच्या मुलीने पुढे सांगितलं. तबकडीनंतर तीन वर्षांनी तो गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आपली चाल जग गाणार आहे याचा पत्ता नसताना.

हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं वाटायला हवं. सदारंग हा मोहम्मदशाहाच्या दरबारातला बीनकार. त्याच्या ख्यालांची इतकी ख्याती झाली, की नंतरच्यांनी स्वतःच्या बंदिशींतही ‘सदारंग’ घालायला सुरुवात केली. आज त्या मुद्रेच्या सगळ्या बंदिशी त्याच्या नाहीत हे गाणारा प्रत्येक जण जाणतो. तुकोबांच्या गाथेतल्या प्रक्षिप्त अभंगांवर तर किती पानं खर्ची पडली. आणि उलट चोरी सालोमालोने केली, तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवले. दुसऱ्याचं आपलं म्हणणं हे पाप, हे सगळ्यांना पटतं. आपलं दुसऱ्याचं म्हणणं मात्र आपण नम्रता म्हणून खपवून घेतो. मला ती नम्रता वाटत नाही. त्यात ऐकणाऱ्याची फसवणूक आहे आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे ‘आज असं सुचू शकत नाही’ या समजुतीला खतपाणी मिळतं. त्या चाली 1970 साली लेनिनग्राडमधल्या माणसाला सुचल्या, ही केवढी आनंदाची बातमी होती! ती त्याने दडवली.

सगळीच टोपणनावं मात्र एका मापाने मोजू नयेत. न्यूयॉर्कचे चित्रकार आणि ल्यूटवादक रोमान तुरोव्स्की-सावचुक यांनी बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतल्या, धर्तीच्या पुष्कळ रचना ‘सावचेक’ अशा जर्मन वाटणाऱ्या नावाने लिहिल्या. स्वतःच्याच आडनावाला जर्मन टोपी घातलेली. त्यावर काही विद्वान खवळले, हा अभ्यासाचा पोरखेळ आहे म्हणाले. माझ्या मते टोपी इतकी उघड असेल तर ती मुद्रा झाली, चोरी नव्हे. सी. आर. व्यास ‘गुणिजान’ लिहीत, रामाश्रेय झा ‘रामरंग’ लिहीत. कुणी फसलं नाही. नाव कुठलं हा प्रश्न दुय्यम, त्या नावामागे जिवंत माणूस सापडतो का, एवढं बघावं.

जुन्या शैलीत लिहावं की नाही, यावर माझं मत दर वर्षी थोडं बदलतं. शिकताना लिहावंच. उस्तादाची बंदिश गिरवल्याशिवाय स्वतःची बांधता येत नाही. पण सोळाव्या शतकातल्या फान्तासिया या रचनाप्रकाराची हुबेहूब नक्कल करून थांबणं म्हणजे वसंत व्याख्यानमालेत पेशवाई पगडी घालून पेशवाई मराठीत बोलण्यासारखं आहे. एकदा टाळ्या पडतील. दुसऱ्या टोकाला काही नवे रचनाकार ल्यूटला सदोष गिटार समजतात, तबलीवर टकटक करायला लावतात, तारा खरवडायला लावतात. दीड मिलिमीटरची तबली हो! यांच्या मधल्या वाटेवर चालणारे लोक आहेत. अमेरिकेत रॉन मॅकफार्लेन स्वतःच्या रचना वाजवतो. नेदरलँड्सचा योझेफ फान विसेम ल्यूट काळ्या कपड्यांत रॉकच्या अड्ड्यांवर घेऊन गेला, जिम जार्मुशच्या 2013 सालच्या सिनेमाला संगीत दिलं. त्याचं संगीत मला नेहमीच पुरेसं वाटत नाही, तेच तेच फिरत राहतं. पण त्याच्या मैफलीत पंचविशीतली मुलं असतात. आमच्या चर्चमधल्या बैठकीत मी पन्नाशीची असून तरुणांत मोडते.

घरी गेले की हमखास फर्माईश येते, "ल्यूटवर यमन वाजव ना." वाजवत नाही. स्वर सगळे आहेत, पण जोडीच्या तारा एकत्र ओढून मींड काढायला गेलं की दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर जाऊन भांडतात. मींडीशिवाय वाजेल तो यमनचा आराखडा. वाद्याला जे येत नाही ते त्याच्याकडून मागू नये. मात्र जात्यावरची ओवी तीन-चार स्वरांत फिरते, पुन्हा पुन्हा येते, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या चालीवर वेलबुट्टी काढत जाणं हा तर ल्यूटवाल्यांचा चारशे वर्षांचा धंदा. रस्त्यावरच्या, तमाशांतल्या चाली घेऊन ते हेच करत. आजीच्या ओवीची चाल खर्जात फिरती ठेवून मी वर आठ फेरे बांधले. आजोबांना आवडलेली तिसरी रचना ती. टॅब्लेचरमध्येच सुचली. सहाव्या फेऱ्यात चाल मोकळ्या तारांवर येते आणि डावा हात पूर्ण रिकामा होतो, ही कल्पना स्वरलेखनात मला कधी दिसलीच नसती. एका ओळखीच्या वादकाने ती मागून घेतली, वाजवली आणि पाचव्या फेऱ्यातली चार टिंबं खोडून परत पाठवली. त्याचं बरोबर होतं. अंगठा तिथे दोनदा लागोपाठ हवा होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्या बाईंनी प्रत्येक रचनाकाराच्या नावापुढे कंसात वर्षं मागितली आहेत. डाउलंड (1563–1626), वाइस (1687–1750). मी माझ्या नावापुढे 1972 लिहिलं, आडवी रेघ मारली आणि पुढची जागा कोरी ठेवून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, तुमची माहिती अपुरी दिसते, कृपया पूर्ण करून पाठवा.